सातबारा आणि साडेसहाशे शब्द

माझ्या टेबलावर दिवसभर अर्ज येतात. ट्रॅक्टरसाठी, ठिबकसाठी, बसलेल्या पोल्ट्रीत पुन्हा पिल्लं टाकण्यासाठी, लेकीच्या लग्नासाठी (कागदावर ‘घरदुरुस्ती’). कराडच्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळलीय. ज्याला पैशाची फारशी गरज नसते, त्याचा अर्ज दोन पानांत आटोपतो. ज्याला गरज असते, त्याला गोष्ट सांगावी लागते. पाऊस कसा झाला नाही, भाऊ कसा वेगळा निघाला, मागचा हप्ता नेमका का थकला. आम्ही ऐकतो, मान हलवतो आणि शेवटी सातबारा बघतो.

त्यामुळे आमच्या लेकीने जेवताना जाहीर केलं की तिला सीईटी द्यायची नाही, तिला अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांना अर्ज करायचाय आणि तिथे मार्कांपेक्षा ‘तुम्ही कोण आहात’ हे विचारतात, तेव्हा माझ्यातली कर्ज अधिकारी आईच्या आधी जागी झाली. हे माझ्या धंद्यातलंच होतं.

तिचं म्हणणं साधं होतं. तिला गणितही हवं होतं आणि इतिहासही. आपल्याकडे अकरावीच्या फॉर्मवर एकदा वाट फुटली की फुटली. सायन्सवाल्याने इतिहास वाचला तर तो छंद, आर्ट्सवाल्याने गणित केलं तर तो आगाऊपणा. ही कॉलेजं म्हणजे दीड ते तीन हजार मुलांची, फक्त पदवीपर्यंत शिकवणारी गावं. पीएचडीचे विद्यार्थी नसतात, म्हणून पहिल्या वर्षाच्या पोरांनाही प्राध्यापकच शिकवतात आणि वर्गात वीस-पंचवीस डोकी असतात. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला ठरवायचा. ग्रिनेल नावाच्या कॉलेजात तर पहिल्या सत्रातला एक लेखन-वाचनाचा ट्यूटोरियल सोडला तर सक्तीचं असं काही नाहीच. नॉर्थफील्ड नावाच्या मिनेसोटातल्या गावात अशी दोन कॉलेजं आहेत, कार्लटन आणि सेंट ओलाफ, आणि त्या गावाचं घोषवाक्यच आहे: गाई, कॉलेजं आणि समाधान. हे लेकीने वाचून दाखवल्यावर ह्यांचा विरोध निम्म्याने कमी झाला. माध्यमिक शाळेतला मास्तर असला तरी मूळचा दुधाच्या घरातला माणूस.

कार्लटन हे नाव आमच्या घरात मात्र आधीच आलेलं होतं, आणि ते गुगलवरून आलेलं नव्हतं. माझं माहेर कासेगावचं. कराडहून हायवेने पेठ नाक्याकडे जाताना लागतं ते. डॉ. गेल ऑम्व्हेट आमच्या गावच्या सूनबाई. जन्म १९४१ चा, मिनियापोलिसचा. कार्लटनमध्ये शिकल्या, पुढे बर्कले विद्यापीठात जाऊन महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेवर आणि ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी केली, चळवळीतले कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी लग्न केलं, इथल्या नागरिक झाल्या आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये कासेगावातच गेल्या. त्या वेळी पेपरात आलेला मजकूर लेकीने मन लावून वाचला होता. मिनेसोटातली एक मुलगी फुले वाचायला इथे येते, तर इथून तिकडे जाणं एवढं अचाट का वाटावं, हा तिचा मुद्दा. त्याच कार्लटनमध्ये एलिनॉर झेलियट १९६९ पासून जवळजवळ तीन दशकं इतिहास शिकवत होत्या. आंबेडकरी चळवळ, दलित साहित्य, चोखामेळा हे सगळं त्या बर्फाळ गावातल्या वर्गात बोललं जात होतं. त्या भागातल्या कॉलेजांची मुलं वर्षानुवर्षं पुण्यात येऊन, मराठी कुटुंबांत राहून, मराठी शिकून गेली. पुण्यातल्या कितीतरी आज्यांनी त्यांना थालीपीठ लावायला शिकवलंय.

आणि मागे गेलं तर ही वाट आणखी जुनी निघते. मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजातली काही मुलं १८०६ साली वादळात गवताच्या गंजीखाली आसऱ्याला बसली आणि तिथेच त्यांनी परदेशी मिशनचा संकल्प सोडला, अशी गोष्ट आहे. त्या विल्यम्सचा पदवीधर गॉर्डन हॉल आणि त्याचा साथीदार सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. कंपनी सरकारला हे लोक नको होते, परत पाठवायचा हुकूम निघाला. तेव्हा दोघांनी गव्हर्नर नेपियन साहेबाला लांबलचक अर्ज लिहिले: आम्ही कोण, कशासाठी आलो, आम्हाला का राहू द्यावं. राहू दिलं. म्हणजे या कॉलेजांमधल्या आणि आपल्यातल्या व्यवहारात पहिला विनंतीअर्ज त्यांनी केलेला आहे. लेकीला हे फार आवडलं. ‘मग आता परतफेड,’ म्हणाली.

परतफेडीचं साधन म्हणजे कॉमन ॲप. १९७५ साली पंधरा खासगी कॉलेजांनी मिळून काढलेला एक सामाईक अर्ज, आता तो शेकडो ठिकाणी चालतो. आपल्या लोकांना त्याची कल्पना यावी म्हणून सांगते. मार्क त्यात असतातच, नववीपासून बारावीपर्यंतचे, पण ते एका कोपऱ्यात. मुख्य जागा साडेसहाशे शब्दांच्या निबंधाला. शिवाय दहा ‘उपक्रम’ लिहायचे आणि प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं. मोकळ्या जागा धरून. दीडशे अक्षरांत आयुष्यातली चार वर्षं कोंबताना पोरगी इंग्रजीतली ‘द’, ‘अॅन’ अशी भाजीतल्या खड्यांसारखी वेचून काढत बसायची.

उपक्रमांची यादी हा आमच्यासारख्यांच्या घरात दुखरा भाग. पुण्या-मुंबईच्या आंतरराष्ट्रीय शाळांतल्या मुलांकडे वादविवाद, रोबोटिक्स, स्वतः काढलेली एनजीओ असं सगळं असतं. आमच्याकडे काय, तर गणेशोत्सवातला ढोल आणि तालुक्याची कबड्डी. पण त्या यादीच्या रकान्यांत एक प्रकार ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा आहे, हे बघून मी थक्क झाले. आजोबांचं इन्सुलिन, धाकट्या चुलतभावाचा अभ्यास, सुट्टीत शेतावरची मजुरांची हजेरी, हे सगळं तिथे उपक्रम म्हणून लिहिता येतं. आपल्याकडे या कामांना कामही म्हणत नाहीत.

पुण्यात एका सल्लागाराकडे गेलो होतो. फी ऐकून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. सल्लागाराने लेकीची पाच मिनिटं चौकशी केली आणि म्हणाला, ग्रामीण भाग आहे, शेतकरी कुटुंब आहे, दुष्काळावर लिहा. आत्महत्या झालीय का कुणाची जवळपास? त्याने हे ज्या सहजतेने विचारलं, त्याने माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे कृष्णा-कोयनेचं पाणी आहे, ऊस आहे, आमचं दुखणं दुष्काळाचं नाहीच. पण दुःख विकायचं ठरवलं की ते कुठलं आहे याला महत्त्व राहत नाही. आम्ही उठलो. परतीच्या एसटीत लेक खंबाटकी उतरेपर्यंत बोलली नाही, मग म्हणाली, ‘मी विहिरीवर लिहिते.’

सासरची सामाईक विहीर आहे. चार वाटेकरी, प्रत्येकाचा चार आणे हिस्सा. सातबाऱ्यावर इतर हक्कांत तसा उल्लेख आहे. पाण्याच्या पाळ्या वारांनी ठरलेल्या, माझ्या आजेसासऱ्यांच्या काळापासून. ठरावीक वार एकाचे, ठरावीक वार दुसऱ्याचे, असं. तेव्हा मोट होती, वाराने काही बिघडत नव्हतं. आता मोटर आहे आणि शेतीची वीज आठवड्यात काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. वेळापत्रकही वारांनीच. परिणाम असा की धाकट्या चुलतसासऱ्यांच्या पाळीला कायम रात्रच. थंडीत, साप-विंचवात, बिबट्याची आवई उठली की हातात बॅटरी आणि काठी घेऊन म्हातारा माणूस दारं मोडायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, जायचा. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, म्हणून कुणाला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

लेकीने आठवीत असताना आजोबांच्या वहीत एक तक्ता काढून दिला होता. वार सोडा, दोन-दोन दिवसांच्या पाळ्या करा, आठ दिवसांचं चक्र. आठवड्याचे दिवस सात, चक्राचे आठ, म्हणजे प्रत्येक फेरीत पाळी एक वार पुढे सरकते आणि रात्रपाळी आपोआप सगळ्यांत सारखी वाटली जाते. आजोबांना पटलं. मोठ्या काकांना पटलं नाही, कारण त्यांच्या वारांना कायम दिवसाची वीज होती. वर ते म्हणाले, वार लक्षात राहतात, चक्र कोण लक्षात ठेवणार? शेवटी तो तक्ता वहीतच राहिला. तिने निबंधात हे सगळं लिहिलं, बिबट्यासकट, आणि तक्ता लागू झाला नाही हेही लिहिलं. गणित बरोबर असूनही माणसं ते का नाकारतात हे मला कळत नाही, म्हणून मला इतिहासही शिकायचाय, असं काहीसं शेवटी होतं. मला वाटलं होतं की यश नसलेली गोष्ट अर्जात कशाला? तिने काढली नाही.

शिफारसपत्रांची वेगळीच तऱ्हा. कॉलेजांना दोन शिक्षकांची पत्रं हवीत, शिवाय शाळेच्या समुपदेशकाचं एक. आपल्या ज्युनिअर कॉलेजात एका तुकडीत एकशेवीस मुलं आणि निम्मी क्लासला. समुपदेशक नावाचं पद कुणी ऐकलेलं नाही. ते काम शेवटी उपप्राचार्यांनी केलं, ‘बोनाफाईड देतो तेवढं चालेल का?’ असं विचारून. शिक्षकांना एक ऑनलाइन फॉर्म येतो, त्यात मुलीला श्रेणी द्यायची असते: सरासरी, सरासरीहून बरी, वरच्या दहा टक्क्यांत, पाच टक्क्यांत, किंवा शिक्षकाने आयुष्यात पाहिलेल्या मोजक्या मुलांपैकी एक, म्हणजे वरच्या एक टक्क्यात. गणिताच्या सरांनी मला फोन केला. ‘ताई, मी पोरीला ओळखतो, हुशार आहे, पण आयुष्यात पाहिलेल्यांत म्हणजे... माझा एक विद्यार्थी आयआयटीत प्राध्यापक आहे हो.’ मी म्हटलं, सर, खरं असेल त्यावरच टिक करा. त्यांनी कशावर टिक केली मला माहीत नाही. पण नुसतं ‘वर्तणूक चांगली आहे’ लिहून मोकळे होणाऱ्या आपल्या व्यवस्थेत एका मास्तराने रात्री बसून एका मुलीचा एवढा बारीक विचार केला, याचं मला अप्रूप वाटलं.

माझा आक्षेप मात्र कायम होता, आणि तो घरात रोज निघायचा. माणूस माणसाला निवडतो तिथे काय काय होतं हे मी कर्जाच्या टेबलावरून पाहिलंय. नियम एकच असतो; पण ओळखीच्या आडनावाची फाईल वर येते, साहेबांच्या गावचा माणूस असला की ‘गरजू’ ठरतो, नीट बोलता न येणाऱ्याची गोष्ट खोटी वाटते. गुणांची यादी आंधळी असते, आणि तिचं आंधळेपण हाच आमच्यासारख्यांचा आधार. तोंडी परीक्षेच्या मार्कांनी ज्यांचं नुकसान झालं त्यांना विचारा. अमेरिकेतही ही ‘सगळा माणूस बघण्याची’ पद्धत काही निर्मळ उगमाची नाही. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला वाटायला लागलं की परीक्षेच्या जोरावर ज्यू मुलं फार येतात; तेव्हा चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, फोटो, मुलाखत हे सगळं अर्जात आलं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देण्याची रीत तर अनेक ठिकाणी अजून आहे. ॲमहर्स्ट या अशाच एका कॉलेजने ती २०२१ मध्ये सोडली, वेस्लियनने २०२३ मध्ये. २०२३ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. म्हणजे वंचितांच्या बाजूचं माप गेलं आणि वाडवडिलांच्या पुण्याईचं माप कितीतरी ठिकाणी शिल्लक राहिलं. हे मी सांगितलं की लेक म्हणायची, ‘मला माहितेय, आई.’

एकदा मी तिला तिच्याच विहिरीत पकडलं. ‘पाण्याच्या पाळीत माणूस नको, चक्र हवं, असं तूच लिहिलंयस ना? मग स्वतःच्या निवडीला माणूस कशाला हवा?’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पाणी सगळ्यांना सारखंच लागतं. कॉलेज सगळ्यांना सारखं लागत नाही. आणि यादीला माझं नाव माहीत नसतं म्हणून तुला ती बरी वाटते. मला नेमकं तेच नकोय.’

मला उत्तर सुचलं नाही. ती सतरा वर्षांची असून हे म्हणू शकते, कारण तिच्या वाट्याला ओळखून नाकारलं जाणं अजून आलेलं नाही, असं मी ह्यांना रात्री म्हटलं. ह्यांनी झोपेतच हुंकार दिला.

आता पैशाचं. अशा कॉलेजात राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास जातो. रुपयांत पाऊण कोटीहून जास्त, चार वर्षांचे तीन कोटींच्या वर. आमच्या दोघांच्या पगाराच्या स्लिपा एकत्र चिकटवल्या तरी तो आकडा हास्यास्पद आहे. पण यांतली बरीच कॉलेजं असं म्हणतात की घेतलेल्या मुलाची जेवढी गरज आम्हाला पटेल, तेवढी पूर्ण भागवू. यातली मेख ‘घेतलेल्या’ या शब्दात आहे. ॲमहर्स्ट, बोडन अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठिकाणं परदेशी मुलांचा अर्जही पैशाकडे न बघता वाचतात. आणि ॲमहर्स्टला शंभरातल्या नव्वदाहून जास्त मुलांना नकार मिळतो. बाकीची कॉलेजं गरज लक्षात घेऊन वाचतात. म्हणजे दोन मुलं तोलामोलाची असतील तर मदत न मागणारं मूल पुढे सरकू शकतं. हे ते लपवत नाहीत, संकेतस्थळावर लिहून ठेवतात. मला त्याचा राग आला नाही. आमची बँक हेच करते आणि लिहून मात्र ठेवत नाही.

एवढ्याशा कॉलेजांकडे वाटायला पैसा येतो कुठून, हा प्रश्न बँकेतल्या बाईला पडणारच. ग्रिनेलची कथा मला त्यातूनच सापडली. आयोवातल्या मक्याच्या शेतांमधलं हे कॉलेज. तिथला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी रॉबर्ट नॉइस. होस्टेलच्या मेजवानीसाठी त्याने मित्राला घेऊन १९४८ साली जवळच्या शेतातून एक डुकराचं पिल्लू उचललं. शेत निघालं गावच्या मेयरचं. आयोवात जनावर चोरणं म्हणजे गंभीर गुन्हा, पोरगं तुरुंगातच जायचं. पण त्याचे प्राध्यापक ग्रँट गेल आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले, भरपाई झाली, एका सत्राच्या निलंबनावर निभावलं. १९४९ मध्ये तो पदवीधर झाला, आणि १९६८ मध्ये त्याने गॉर्डन मूरबरोबर इंटेल काढली. तेव्हा कॉलेज आणि काही विश्वस्त यांनी मिळून तीन लाख डॉलर त्या कंपनीत घातले. विश्वस्तांत वॉरन बफे होते. पुढचं सांगायला नको. त्यातून फुगलेल्या कॉलेजच्या कायम निधीच्या व्याजावर आज कुठकुठली पोरं शिकतात. मोठ्या विद्यापीठात कुणी प्राध्यापक एका पोरासाठी मेयरच्या दारात गेला असता का, मला शंका आहे. आणि आमच्या बँकेत ‘पूर्वी डुक्करचोरी’ असा शेरा असलेली फाईल माझ्यापर्यंतही आली नसती.

मदत मागायची तर सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. म्हणजे गरीब आहोत हे सिद्ध करायलाही पैसे लागतात; काही कॉलेजं परदेशी मुलांसाठी बिनपैशाचा दुसरा फॉर्म चालवतात तेवढंच. हा फॉर्म लेकीचा नव्हता, आमचा होता. निबंध तिचा, कबुलीजबाब आमचा. पगार, फॉर्म १६, आयकर विवरणपत्र, घर कधी घेतलं, कितीला घेतलं, आज किती येतील, भविष्य निर्वाह निधी, एलआयसी, गाडी, देणी. मी लोकांना वर्षानुवर्षं विचारते तेच सगळं मला कुणीतरी विचारत होतं, आणि माझं बोट प्रत्येक रकान्यावर थबकत होतं. सोनं लिहायचं? गळ्यातलं? बँकेत आम्ही ते तोळ्यांत बोलतो, स्वतःचं लिहिताना ते एकदम सासूबाईंचं होतं.

शेतजमिनीपाशी खरं अडलं. सातबारा सामाईक, ह्यांच्यासह भावा-बहिणींची नावं, सासऱ्यांच्या नंतर वारसनोंद झालेली, पण वाटप झालेलं नाही. फॉर्मला हवी होती आमच्या हिश्श्याची आजची किंमत. मी भाऊजींना फोन करून गटाचा चालू भाव विचारला.

तासाभरात भाऊजी दारात. चप्पल न काढता उंबऱ्यात उभे. ‘वहिनी, वाटणी पाहिजे असली तर सरळ सांगा. भाव कशाला काढता?’

मी त्यांना बसवलं, लॅपटॉप पुढे ठेवला, रकाना दाखवला. अमेरिकेतल्या कॉलेजला आपली जमीन कशाला, हे त्यांना समजावणं माझ्या नोकरीतल्या कुठल्याही मुलाखतीपेक्षा अवघड गेलं. ‘म्हणजे बोजा चढवणार?’ नाही. ‘मग जप्ती?’ नाही हो. ‘मग बघून काय करणार?’ मी म्हटलं, आपण किती देऊ शकतो याचा अंदाज घेणार. त्यावर ते खूप वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘जमीन आहे म्हणजे पैसे आहेत, असं त्यांना वाटेल. त्यांना सांग, ऊस कारखान्याला जातो, बिल कधी येईल ते कारखान्यालाही माहीत नसतं.’ हे वाक्य मी विशेष परिस्थितीच्या रकान्यात जवळजवळ जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः डिजिटल सातबारा आणि आठ-अ काढून घेऊन आले, आणि इंग्रजी भाषांतर कोण करणार म्हणून विचारू लागले. भाषांतर मीच केलं. ‘पोटखराबा’पाशी मी हात टेकले आणि ‘पीक न येणारी जागा’ असं साधं लिहून टाकलं. एका कॉलेजच्या मदत कार्यालयाने ईमेलवर उलटून विचारलं, विहिरीत चार आणे म्हणजे काय? उत्पन्नाचं साधन आहे का? मी आणेवारीवर एक परिच्छेद लिहून पाठवला. लेक म्हणाली, ‘तुझाही निबंध झाला.’

निकाल मार्चच्या शेवटी लागतात, आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. नकार आले, एकापाठोपाठ एक, सगळे अतिशय गोड भाषेत. आमच्या बँकेने निदान ही भाषा तरी शिकावी. एका ठिकाणी प्रतीक्षायादी. तिथे का थांबवलं, निबंधामुळे, मार्कांमुळे, की आमच्या रकान्यातल्या आकड्यामुळे, हे कधीच कळणार नाही, आणि इथे मला यादीची आठवण आली. यादी निदान सांगते की किती मार्कांनी गेलं. ओळखून नाकारलेल्या माणसाला काय सांगायचं असतं, ते कुणीच सांगत नाही. लेक दोन दिवस नीट जेवली नाही. मग मध्य-पश्चिमेतल्या एका छोट्या कॉलेजचा होकार आला, मदतीसकट. होकाराच्या पत्राखाली प्रवेश अधिकाऱ्याने हाताने एक ओळ लिहिली होती: तुझ्या मोठ्या काकांचं म्हणणंही मला पटलं, वार लक्षात राहतात. लेकीने ती ओळ चार-पाच जणांना वाचून दाखवली. भाऊजींना मात्र काकांचं नाव तिकडे गेलंय हे अजून सांगितलेलं नाही.

मदत मोठी, पण तरी आमच्या वाट्याला काही उरतंच, शिवाय विमान, विमा, थंडीचे कपडे. आठवड्यात काही तास ती कॉलेजातच काम करील, बाकीचं आमच्या पगारातून आणि थोडं शैक्षणिक कर्जातून. स्वतःच्या बँकेत नको म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो. आमच्या रकमेला तारण लागत नव्हतं, पण जामीनदार लागत होता. भाऊजी आपणहून म्हणाले, मी होतो.

रविवारी ते फॉर्म घेऊन आमच्या टेबलाशी बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. माझ्या नोकरीत मी जामीनदाराला फॉर्म वाचताना पाहिलेलं नाही. सगळे ‘कुठं करू सही?’ एवढंच विचारतात. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

‘बॅचलर ऑफ आर्ट्स. म्हणजे बी.ए.?’

‘बी.ए.’

‘बी.ए. आपल्याकडे होतं, वहिनी. एसटीच्या पासात.’

‘होतं. पण इथे गणित आणि इतिहास एकत्र मिळणं अवघड.’

‘मग ही कशात बी.ए. करणार?’

‘ते दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरतं.’

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ‘आणि तेव्हाही नाही ठरलं तर?’

‘तर हप्ता तेवढाच राहील,’ मी म्हटलं. हे त्यांना पटलं, आणि त्यांनी सही केली.